बंद काचांची गाडी

कुतुबुद्दीनचाचांचं उभं आयुष्य स्टेअरिंगवर गेलं होतं. पण गाडीत बसल्यावर जीव कोंडतो म्हणजे काय, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं.

धैर्यशीलराव नावाच्या मालकानं एका मोठ्या शहरानं मोडीत काढलेल्या तीन एसी बस लिलावात उचलल्या, वरून नवा रंग मारला आणि कोल्हापूरहून राधानगरी, पुढं दाजीपूरपर्यंत सोडल्या. त्यातली एक चाचांच्या वाट्याला आली. गाडी सपाट रस्त्यासाठी जन्मलेली. पोट इतकं खाली की प्रत्येक गावाच्या स्पीडब्रेकरवर खरवडत जायची. दार बटण दाबलं की फुस्स करून मिटायचं. काचा कायमच्या बसवलेल्या, उघडायची सोयच नाही. आतल्या स्पीकरमधला बाईचा आवाज अजून जुन्याच शहरातले थांबे पुकारायचा. दोन्ही बाजूला ऊस आणि वरून "पुढील थांबा, न्यायालय". सुरुवातीला लोक हसले. नंतर कुणी हसेनासं झालं.

दारावरची संकटात ओढायची कळ मोडलेली होती. काच फोडायच्या हातोड्यांचे नुसते हूक उरले होते. चाचांनी मालकाला दोनदा सांगितलं, मालक बघू म्हणाला. तिसऱ्यांदा सांगायला त्यांची जीभ रेटेना. थोरली लेक अर्शी मिरजेला नर्सिंग शिकत होती, त्यांची स्वतःची शहरबसची कंत्राटी नोकरी सुटून वर्ष झालं होतं, आणि या वयात दुसरं कोण दारात उभं करणार?

मे महिन्यातल्या एका दुपारी राधानगरी मागं टाकून गाडी चढणीला लागली आणि मधेच गचका खाऊन बसली. इंजिन गेलं, त्यामागं वीज गेली, एसी गेला. चाचांनी दाराचं बटण दाबलं. दार हललं नाही. तिघाचौघांनी खांदे लावले, फटीत बोटं घालून ओढलं, तरी नाही. आजूबाजूला जंगल, मोबाईलला रेंज नाही. ऊन पत्र्यातून आत उतरायला लागलं. आधी माणसं चाचांवर ओरडली, मग ओरडायचं त्राणही उरलं नाही.

मधल्या सीटवर चिमणाबाई नावाची दम्याची म्हातारी होती, लेकीकडं निघालेली. तिचं तोंड उघडं पडलं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. शेजारची बाई तिला पदरानं वारा घालत होती, पण घालायला वाराच कुठं होता?

ड्रायव्हरच्या बाजूची छोटी खिडकी तेवढी अर्धी सरकायची. चाचांनी डोकं घातलं, खांदे अडकले. कंडक्टर स्वप्नाली अंगानं काटकुळी. ती पुढं आली, आधी पाय, मग कंबर अशी त्या फटीतून बाहेर सरकली आणि रस्त्यावर पडली. कोपर सोलपटलं. बाहेरच्या खणातून तिनं चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि मागच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. काचेला ओरखडा गेला तरी मालक कुणाची गय करत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती आतल्या चाचांकडं बघत राहिली.

चाचा माणसं बाजूला सारून मागं आले. काचेला तोंड लावून म्हणाले, "फोड."

"चाचा, मालक..."

"मी सांगतोय न्हवं? फोड म्हणतोय."

तिसऱ्या घावाला काच तडकली, पाचव्याला खाली आली. म्हातारीला चौघांनी उचलून बाहेर दिलं. झाडाखाली बराच वेळ पडून राहिल्यावर तिनं पाणी मागितलं, तेव्हा चाचांनी आपली बाटली तिच्या तोंडाला लावली.

संध्याकाळी मालकासमोर त्यांनी सरळ सांगितलं, की काच माझ्या शब्दावरून फुटली. मालक चिडला नाही. मान डोलावून घरी जा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन उभी होती. काचेच्या जागी प्लायवूड ठोकलेलं, आत आणखी अंधार. आणि स्वप्नालीच्या जागी नवाच माणूस. काचेची शिक्षा तिच्यावर निघाली होती, कारण ही गाडी चढणीला चालवणारे ड्रायव्हर मिळत नव्हते, कंडक्टर मात्र पैशाला पासरी होते. चाचांनी मालकाला गाठून पोरीला परत घ्या म्हणून सांगितलं, न्हायतर मी गाडी हलवत न्हाय. एवढं मोठं ते आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. गाडी दोन दिवस जागेवर राहिली. तिसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, आणा तिला.

चाचा हुरूप येऊन तिच्या घरी हातकणंगल्याला गेले. स्वप्नालीनं चहा दिला. कोपरावर खपली धरली होती. आजऱ्याला मावशीकडं राहून काजूच्या कारखान्यात जाणार म्हणाली, परवापासून.

"अगं, पण मालक तयार झालाय की," चाचा म्हणाले.

"काचा बदलल्या?"

चाचांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी कशाला येऊ?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी त्या फटीतनं भाईर पडले, चाचा. आता पुन्हा आत न्हाय जायाची. तुमी कशाला बसलायसा त्यात?"

त्यांना अर्शीचं नाव घ्यायचं होतं. पण लेकीच्या नावाखाली लपल्यासारखं होईल असं वाटलं आणि त्यांनी घेतलं नाही. चहा संपवला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

स्टँडवर मालकानं विचारलं, आली का? चाचा नाही म्हणाले. मालकानं घड्याळ बघितलं. दाजीपूरची माणसं आत बसून घामाघूम झाली होती. एकानं प्लायवूडवर टिचकी मारत चाचांना विचारलं, "पावणं, हिथली काच कधी बसणार?"

"ठावं न्हाय," चाचा म्हणाले, आणि वर चढले.