उपडी वाटी

दूध उतू जाऊन करपलं, तरी गॅसशेजारीच पाठ करून भाजी निवडत बसलेल्या मावशींना पत्ता नव्हता. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला आणि ओरडला, "अगं, घर पेटवतेस की काय?" तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, खोलीत धूर कोंडला होता आणि मावशींच्या नाकात काही म्हणजे काहीच शिरत नव्हतं. महिन्यापूर्वी आलेला ताप जाताना वास घेऊन गेला होता. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यापासूनसुद्धा लपवली होती.

लपवायला कारण होतं. मसाल्याच्या पेढीवर मावशी एकतीस वर्षं मालाची पारख करत होत्या. तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणत, पाठीमागे 'नाक'. पेढीची रीत अशी की सकाळी नव्या मालाचे नमुने लांब टेबलावर पितळी वाट्यांमध्ये मांडायचे. मावशी एकेक बघणार आणि जो पसंत नाही त्याची वाटी तिथेच उपडी करणार. वाटी उपडी झाली की विषय संपला. मग माल मालकांच्या मेहुण्याने आणलेला का असेना, पोतं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकदा खरंच मेहुण्याची बडीशेप उपडी झाली होती. थोरले मालक पोट धरून हसले होते आणि मेहुणा दोन वर्षं त्यांच्याकडे जेवायला आला नव्हता.

थोरले मालक आता नाहीत. पेढी त्यांची मुलगी चालवते. लहानपणी ती मावशींच्या मांडीवर बसून मिरी मोजायला शिकली होती.

करपलेल्या दुधानंतर आठवड्याभरातच वेलचीचं प्रकरण झालं. वेलची हिरवीगार, टपोरी, कानाशी हलवली तर दाणा खुळखुळत नव्हता, इतकी भरलेली. मावशींनी पसंत केली. पण वाटेत ती चार दिवस हिंगाच्या पेट्यांना टेकून प्रवास करून आली होती. पुढे बिस्किटांच्या कारखान्यातून एक खोका परत आला आणि सोबत चिठ्ठी, 'आम्ही हिंगाची बिस्किटं मागवली नव्हती.' पेढीतली पोरंसोरं दिवसभर फिदीफिदी हसत होती.

संध्याकाळी मालकीण मावशींच्या स्टुलासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला वास येतो का?"

"नाही येत."

खोटं बोलणं मावशींच्या स्वभावातच नव्हतं. महिनाभर लपवलं तेवढ्यानेच त्यांना स्वतःची किळस आली होती.

मालकीण खिडकीकडे वळून म्हणाली, "तुम्हाला मी काढणार नाही. मागच्या खोलीत पाकिटांवर लेबलं लावायचं काम बघा. पारखीला मी एक जण बोलावलाय. शिकलेला आहे, डिप्लोमा आहे."

"लेबलं लावायला मी आले नव्हते इथे," मावशी म्हणाल्या. "उद्या टेबल मांड. एका बाजूला तुझा डिप्लोमा, दुसऱ्या बाजूला मी. मी कामाची नाही असं ठरलं तर लेबलं कशाला, फरशी पुसेन."

घरी नवऱ्याने ताट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. तो शिंपी. डोळे अधू झाले तसं दुकान बंद केलं आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

"बस की आता घरी," तो म्हणाला. "तुझं नाक गेलं, माझे डोळे गेले. दोघं मिळून एक धड माणूस होतो आपण."

"मला अर्धं माणूस व्हायचं नाही. तुम्ही शेवटची चार वर्षं सुईत दोरा कसा ओवत होतात? दिसत तर नव्हतं."

"बोटांनी. जिभेने टोक ओलं करायचं आणि अंदाजाने."

"मग?"

मावशींनी मसाल्याचा डबा पुढ्यात ओढला. मिरीचा दाणा दाताखाली फोडला आणि जीभ भाजली. लवंग चावली, जिभेला मुंग्या आल्या. वाळवलेला पुदिना तोंडात टाकला तर टाळूपर्यंत गार. वास गेला होता, पण हे सगळं जागच्या जागी होतं. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरीमुळे आलं असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

सकाळी टेबलावर आठ वाट्या होत्या. डिप्लोमावाला पोरगा तसा सरळ होता, फक्त वास घेताना डोळे मिटून मान डोलवायचा, जणू कुणी कानात गोड काहीतरी सांगतंय. मावशी चष्मा लावून कामाला लागल्या. दालचिनीची कांडी त्यांनी बोटांत चुरगळली. पातळ पापुद्र्यांची, चटकन मोडणारी, म्हणजे अस्सल. जाड आणि लाकडासारखी असती तर तिची हलकी बहीण. जायफळात सुई खुपसली, तेलकट निघाली. केशराची काडी पाण्यात सोडून त्या शांतपणे बसून राहिल्या. रंग हळूहळू उतरत गेला आणि काडी लालच राहिली, तेव्हा मान हलवली. खोटं केशर पाणी लागताच रंग ओकतं, एवढा दम त्याला नसतो. मिरीही पाण्यात टाकून पाहिली. एकही दाणा तरंगला नाही.

जिऱ्यापाशी मात्र गडबड झाली. मावशींनी वाटी पुढे सरकवली, पोराने उपडी केली. "रॉकेलचा वास आहे याला," तो म्हणाला. मालकिणीने हुंगलं आणि मान डोलावली. मागे कुणीतरी हसलं.

"असेल," मावशी म्हणाल्या. "ते मला कळणार नाही. पुढची वाटी."

पुढची वाटी लवंगेची. ही लवंग सकाळी आल्या आल्याच पोराने पसंत केली होती आणि तिची चौदा पोती अंगणात उतरायची वाट बघत उभी होती. सगळी पेढी म्हणे घमघमत होती. "काय सुगंध आहे!" पोराने पुन्हा डोळे मिटले. मालकीणही खूश दिसली.

मावशींनी एक लवंग दाताखाली धरली. जीभ जराशी बधिर झाली आणि लगेच शुद्धीवर आली. त्यांनी दुसरी चावली, तेच. तिसरीच्या देठात नख रुतवलं, नख कोरडंच राहिलं. मग त्यांनी पेलाभर पाणी मागितलं आणि मूठभर लवंगा त्यात सोडल्या. भरलेली लवंग एकतर बुडते नाहीतर पाण्यात ताठ उभी राहते. ह्या सगळ्या पाण्यावर आडव्या पसरल्या.

मावशींनी वाटी उपडी केली.

"यांचं तेल आधीच काढून घेतलंय," त्या म्हणाल्या. "चिपाडं आहेत ही. वरून थोडं तेल शिंपडलंय, तुमच्या नाकांसाठी. माझ्यापुढे त्याचा उपयोग नाही."

पोराने स्वतः पेल्यात मूठभर लवंगा टाकून पाहिल्या. त्याचे कान लाल झाले. मग त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "मावशी, नख कुठे दाबायचं?" मावशींनी दाखवलं.

पोती आल्या वाटेने परत गेली. मालकिणीने मावशींना बाजूला घेतलं. तिचे डोळे भरले होते.

"चुकलंच माझं. तुम्ही दोघं मिळून पारख करा. फक्त एक ऐका माझं. तुम्ही आतल्या खोलीत बसा, बाहेर तो बसेल. वास न येणारी पारखी म्हटलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? कुणाला कळायला नको."

मावशींनी टेबलावरची एक रिकामी वाटी उचलली आणि मालकिणीच्या समोर उपडी ठेवली.

वाटी उपडी झाली की पुढे बोलायचं नाही, हे मालकिणीने मावशींच्या मांडीवर बसूनच शिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी स्टूल टेबलापाशी नाही, थेट पुढच्या दारात मांडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नेमकं बिस्किटांच्या कारखान्याचे साहेब. चेहरा अजून आंबट होता.

"ती वेलची कुणी पसंत केली होती?" त्यांनी विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "मला वास येत नाही. तो आता हा मुलगा घेतो. बाकी सगळं मी बघते. बसा, आजची वेलची दाखवते."

साहेबांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर. मग त्यांनी खुर्ची ओढली.