सुताच्या टोपलीतली मुलगी

"मुलगी शेवटी जायला हवी होती," पाळकसाहेब ह्युल्सबेक म्हणाले आणि त्यांनी हस्तलिखिताचे शेवटचे पान टेबलावर पालथे घातले.

"कुठं जायला?" टेक्ला रालेनबेकने विचारले.

"कुठं म्हणजे काय, टेक्लाबाई? देवाघरी. तुमच्या गोष्टींतली मुलं जातातच की."

ते खोटे नव्हते. टेक्लाने चर्चच्या छापखान्यासाठी मुलांची एकतीस पुस्तके लिहिली होती. नाताळात बार्मेन गावातल्या रविवारच्या शाळांत ती वाटली जात. त्यांतल्या बहुतेकांत शेवटच्या पानावर एखादे गुणी लेकरू सगळ्यांना क्षमा करून डोळे मिटत असे. कुणी बर्फात, कुणी तापात. बायका वाचून रडत आणि पुढच्या वर्षी तसेच दुसरे मागत.

सुरुवात झाली ती तिच्या भावापासून. सहा वर्षांचा कोनराड घटसर्पाने गेला, तेव्हा आई चार महिने कुणाशी बोलली नाही. एकोणीस वर्षांच्या टेक्लाने कोनराडला गोष्टीत घातले, शेवटी देवदूतांच्या हाती सोपवले आणि आईला वाचून दाखवले. आईने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "त्याच्या पायात मोजे होते ना गं?" तेव्हापासून टेक्ला मनाशी धरून होती, की लेकरू गेलेल्या आयांसाठी आपण लिहितो. जिवंत मुलेही आपले लिहिलेले वाचतात, हे तिच्या फारसे ध्यानातच आले नव्हते.

ते ध्यानात आणून दिले माल्शेनने.

महिला मंडळाचे बालगृह वुपर नदीच्या काठी होते. फितीच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पहाटे मुलांना तिथे सोडत. बावीस वर्षे टेक्लाच ते चालवीत होती आणि वरच्याच खोलीत राहत होती. माल्शेन पाळण्यात असल्यापासून तिथली. नवव्या वर्षी, दुपारी शाळा सुटली की ती सूप प्यायला येई आणि गोष्ट ऐकायला थांबे. मागच्या हिवाळ्यात एकदा मध्येच तिने विचारले, "टेक्लामावशी, चांगली मुलं सगळी मरतात का?"

"सगळी नाही गं."

"तुझ्या पुस्तकात मरतात. मग मी आपली थोडी वाईटच राहते. चालेल ना तुला?"

पोरे खिदळली. टेक्लाला मात्र हसू आले नाही.

वसंतात माल्शेन दुपारची दिसेनाशी झाली. तिच्या आईने, करोलिनाने, तिला आपल्याबरोबर आयकहोल्टांच्या गिरणीत कांड्या भरायला, मागासाठी सूत गुंडाळून द्यायला लावले होते. बारा वर्षांच्या आतले मूल गिरणीत ठेवायचे नाही असा कायदा होता, त्यामुळे सरकारी तपासनीस आला की मुकादम लहानग्यांना सुताच्या मोठ्या टोपल्यांत बसवी आणि वर झाकण लावी. एका संध्याकाळी करोलिना पोरीला उचलूनच बालगृहात घेऊन आली. माल्शेनच्या केसांत सुताची धूळ होती आणि ओठ निळे पडले होते.

"टोपलीत खोकायचं नसतं," तिने टेक्लाला समजावून सांगितले. "मी दोन्ही मुठी तोंडात घातल्या होत्या."

बोटांवर दातांचे वण उमटले होते. टेक्लाने ते कोमट पाण्याने धुतले, आणि त्याच आठवड्यात बत्तिसावे पुस्तक लिहून काढले. त्यातली रीक्शेन टोपलीत बसलेली असते, तपासनिसाचे बूट जवळ येताना ऐकते, डोक्याने झाकण उचलते आणि उभी राहून म्हणते, "मी इथं आहे. मी नऊ वर्षांची आहे." तिथेच गोष्ट संपत होती.

आता ते पान टेबलावर पालथे पडले होते, आणि टेबलाच्या पलीकडे मंडळाच्या अध्यक्षा, खुद्द गिरणीमालकीण आयकहोल्टबाई बसल्या होत्या. बाई दुष्ट नव्हत्या. बालगृहातल्या प्रत्येक पोराचे नाव त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्यासाठी लोकरीचे हातमोजे त्या स्वतः विणत.

"गिरणीचं नाव नाही घातलंत, ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण गावाला कळायचं ते कळेलच. टोपली राहू द्या हवी तर. फक्त ती बिचारी आतल्या आतच... प्रार्थना करता करता. मुकादमाला क्षमा करून. वाचणाऱ्याचं काळीज हलेल."

"म्हणजे मेलेली चालेल," टेक्ला म्हणाली. "उभी राहिलेली चालणार नाही."

"तुम्ही माणसाला शब्दांत पकडता."

"आजवर तेच करत आले, बाईसाहेब. फक्त तुम्हाला नव्हतं पकडलं कधी."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "मुलांना आपण आज्ञा पाळायला शिकवायचं, का उलट बोलायला?"

"उलट कुठं बोलतेय ती? वय सांगतेय. खरं बोला म्हणून दर रविवारी तुम्हीच सांगता."

"एका पानाचा तर प्रश्न आहे, टेक्लाबाई. तुमच्यासारखीला तासाभराचं काम."

"तासही लागत नाही. सवय आहे मला." टेक्लाने पान सरळ केले, बाकीच्या पानांवर ठेवले आणि गठ्ठा मांडीवर घेतला. "पण ही नाही मरायची. मारायचीच असेल तर तुमच्यापैकी कुणीतरी लिहा, आणि खाली आपलं नाव घाला."

 मग आयकहोल्टबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही थकला आहात. बालगृहाचा भार आता कुणा तरुण बाईवर द्यावा, असं मंडळाला वाटतं."

"थकले नाही मी. काढताय, तर काढलं म्हणा."

बाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेबांनी खिडकीकडे पाहिले.

किल्ल्या सोमवारी द्यायच्या होत्या. रविवारी दुपारी टेक्लाने चाळीसेक पोरे बाकांवर बसवली आणि कुणालाही न विचारता ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. रीक्शेन उभी राहिली तशी पोरेही बाकांवर उभी राहिली आणि नुसता कालवा झाला. माल्शेन तेवढी बसून होती.

"मग मुकादम काय म्हणाला?" तिने विचारले.

"ते नाही लिहिलेलं."

"का?"

"मला माहीत नाही, म्हणून."

माल्शेनने मान डोलावली. कारण तिला पटले असावे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, करोलिना टेक्लाच्या भाड्याच्या खोलीचा जिना धाडधाड चढून आली. डोक्यावरचा रुमाल सुटला होता.

"झालं तुमच्या मनासारखं? आज साहेब आला होता तपासायला. माझी पोर टोपलीतून उठून उभी राहिली. 'मी इथं आहे, मी नऊ वर्षांची आहे.' अख्ख्या खात्यासमोर. तिचं बघून आणखी चार झाकणं उघडली. साहेबानं सगळं लिहून नेलं, आणि मालकानं मला घरी बसवलं. बारा वर्षं मागावर काढली मी तिथं."

टेक्ला उभीच होती. "तिला मारलं कुणी?"

"मुकादमानं दिली कानाखाली. त्याचं काय एवढं? बोटं आहेत अजून गालावर." करोलिनाचा आवाज चढला. "तुम्ही गोष्ट सांगून मोकळ्या झालात. तुम्हाला ना मूल ना बाळ. आता पोरीला खायला काय घालू, तुमचे कागद?"

टेक्लाने खुर्चीवरचे कागद उचलले. तिने खुर्ची पुढे केली. करोलिना बसायला आली नव्हती, पण पाय दुखत होते, म्हणून बसली. चिकोरीची कॉफी पुढे आली ती तिने दोन्ही हातांत धरून ठेवली. कॉफी निवत आली तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "निरोप दिलाय तिनं. मुकादम म्हणाला, 'खाली बस.' आणि ती बसली नाही. एवढं गोष्टीत घाल म्हणाली मावशीला."

टेक्ला खिडकीशी गेली.

"आता काम कुठं मिळेल तुम्हाला?" वळून तिने विचारले.

"गिरणीत आता कोण घेतंय? टेकडीवर एक म्हातारा घरीच माग चालवतो, त्याला कांड्या भरून हव्यात. सूत गुंडाळायच्या एका रहाटावर नाही भागायचं. दुसऱ्यावर माल्शेनला बसवावं लागेल."

"माल्शेन शाळेत जाईल."

"आणि रहाट काय तुम्ही फिरवणार?"

"फिरवीन की."

"तुम्ही?" करोलिना त्या दिवशी पहिल्यांदाच हसली, आणि ते हसणे काही चांगले नव्हते. "बाई, तुम्ही पुस्तकं लिहिणाऱ्या. संध्याकाळपर्यंत पाठ धरेल."

"धरू दे. अठ्ठावन्न वर्षं सांभाळलीय, तिचाही उपयोग होऊ दे."

महिनाअखेरीस टेक्ला एक पेटी आणि अंथरूण घेऊन करोलिनाच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायला आली. बत्तिसावे पुस्तक कुणी छापले नाही. तिने त्याच्या नकला हातानेच काढल्या, रविवारी एक याप्रमाणे, आणि ज्या घरातून मागणी आली त्या घरात दिल्या. त्या मागायला फार लोक आले नाहीत. जे आले ते मागच्या दाराने आले. नाताळाला छापखान्याने तिचेच एक जुने पुस्तक नव्या मुखपृष्ठानिशी काढले. पाळकसाहेबांनी एक प्रत पाठवली, आत शुभेच्छा लिहून. टेक्लाने शुभेच्छांबद्दल आभाराची चिठ्ठी लिहिली आणि पुस्तक परत केले.

जानेवारीत बर्फ पडत असताना माल्शेन शाळेतून आली, पाटी खुंटीला अडकवली आणि चुलीपाशी हात शेकत टोपलीतल्या भरलेल्या कांड्या एकेक करून दाबून पाहू लागली. करोलिना दुसऱ्या रहाटावरून गालातल्या गालात हसत होती.

"ही सैल झालीय, मावशी. आणि ही पण. मागावर अडकेल."

"दोन्ही?"

"दोन्ही. उलगड."

टेक्लाने चष्मा पुसून नाकावर चढवला, लाल रेशमाचे टोक शोधून काढले, ते उलगडले आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतले.