मानमोडीच्या सालातल्या कण्या

मी डबा आहे, पितळेचा. कारंज्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला, आतून कल्हई केली आणि वर धरायला कडी बसवली. गोजराबाईच्या बापानं तिच्या लग्नात मला घेतलं आणि बैलगाडीत तिच्या शेजारी बसून मी रिठदला आलो. तिचा नवरा जगदेव कपाशी-ज्वारीचा शेतकरी. घर साधं, मागं गोठा, गोठ्यात दोन बैल आणि एक शेळी.

माणसांच्या घरात डबे खूप असतात. मला मात्र एकच काम होतं. गावात कुणाकडं बाळ झालं की गोजराबाई मला फळीवरून काढायची आणि चुलीपुढं बसून आधी विचार करायची. सगळ्यांना एकच नेणं तिला पटत नसे.

"रामधनच्या बायकोले दूध कमी हाय," ती स्वतःशीच बोलायची. "तिले बाजरीची भाकर अन् शेपूची भाजी. गोविंदसिंगच्या सुनेचं पोट नाजूक, तिले मुगाचं वरणच बरं."

मग ती मला भरायची आणि आम्ही निघायचो. बाळंतिणीच्या खोलीतला ओव्याचा धूर, शेगडीची ऊब, कपड्यात गुंडाळलेला एवढासा जीव, हे सगळं मी उंबऱ्याच्या आत जाऊन पाहिलेलं आहे. भीती म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती मानमोडीच्या साली कळली.

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि मागोमाग तो ताप आला. मान दुखायची, अंग तापायचं, छाती भरायची आणि धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत जायचा. शेतात कपाशी फुटून लोंबत होती, वेचायला कुणी नव्हतं. लोक दारं लावून बसले. एकमेकांच्या घरचा विस्तवसुद्धा मागेनात.

अशात एका सकाळी सुईण गोमतीबाई आली. अंगणात न येता बाहेरच उभी राहिली, पदर नाकाला लावून.

"फय्याज पिंजाऱ्याची हुस्ना बाळंत झाली वं. पोरगी हाय. पन माय तापानं भाजून राह्यली. सासू, अमिरुन्निसा, परवाच गेली. फय्याजलेही कणकण हाय. चूल नाई पेटली घरात."

"मंग खाते काय ते?" गोजराबाईनं विचारलं.

"तापात कायचं खानं? उपाशी ठेवा म्हन्तात समदे."

"अन् लेकराले दूध?"

गोमतीबाईनं पदर नाकावर आणखी ओढला. तशीच वळून गेली.

गोजराबाईची लेक रंगूबाई तेव्हा माहेरी आलेली होती, बाळंतपणाला. दिवस भरत आले होते. जगदेवानं दारातलं सगळं ऐकलं होतं.

"जायाचं नाई," तो म्हणाला. "घरात पोरगी अशी. तिले काई झालं म्हंजे?"

"मले भेव नाई वाटत का? हे पाहा माहे हात."

हात खरंच कापत होते. मी तिच्या हातात होतो, माझी कडी खडखड वाजत होती.

"मंग कायले जाऊन राह्यली?"

"अहो, ते काल जन्मलेलं लेकरू. त्याले कोन सांगीन, साथ जाऊ दे मंग भूक लागू दे म्हनून?"

मग तिनं घोंगडी उचलली आणि म्हणाली, "आजपासून मी गोठ्यात राहीन. तिथंच चूल मांडीन. ताप गावातून जात नाई तवर या घरात पाय नाई ठेवनार. रंगूले माह्याजवळ येऊ देऊ नका."

 जगदेवानं गोठ्यात तीन दगड नेऊन मांडले.

गोठ्यात बसून तिनं विचार केला, पण तो नेहमीसारखा नव्हता. डिंकाचे लाडू हातात घेतले, उष्ण म्हणून परत ठेवले. भाकर चावायची ताकद हुस्नाला नसणार. वरण काढलं, तेही बाजूला सारलं.

"खाऊन मेली तर गाव म्हनीन गोजरीनं मारली," ती शेळीला सांगत होती की मला, कोण जाणे. "उपाशी मेली तर कोनी काई म्हननार नाई."

शेवटी तिनं ज्वारीच्या कण्या घेतल्या. खूप पाणी घालून, जिरं-मीठ टाकून इतक्या पातळ शिजवल्या की घोटाघोटानं पिता याव्यात. बाळासाठी शेळीचं दूध काढलं, पाणी घालून उकळलं आणि लोटीत घेतलं.

पिंजाऱ्याच्या गल्लीत एकही दार उघडं नव्हतं. गोजराबाईनं मला उंबऱ्यावर ठेवलं, लोटी शेजारी ठेवली आणि मागं सरून हाक मारली. फय्याज भिंतीला धरत आला. डोळे लाल झालेले.

"मावशी, दूर व्हा," एवढंच म्हणाला. कण्या आणि दूध आपल्या भांड्यांत ओतून घेतलं आणि आम्हाला परत उंबऱ्यावर ठेवलं. गोजराबाईनं कडीत काठी घालून मला उचललं. गोठ्यात आल्यावर मला राखेनं घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं. मी तापलो, निवलो, पुन्हा भरलो. रोज असंच.

आणि मग एक दिवस मला घ्यायला कुणी आलं नाही.

"फय्याज! अरे फय्याज!" ती हाका मारत राहिली. आतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज येत होता. थोड्या वेळानं तोही थांबला. माझ्यातल्या कण्या निवत चालल्या. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तांबटाच्या हातोड्याखालीही नाही.

गोजराबाई वळली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. मला वाटलं, गेली ही. गेली असती तरी तिला बोल लावायला माझी जीभ उचलली नसती. पण ती परत आली. काठी टाकून दिली, मला आणि लोटीला हातानं उचललं आणि उंबरा ओलांडला.

आत पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. फय्याज त्याच्यावर कलंडलेला होता, आणि तो पुन्हा उठणार नव्हता हे आम्हा दोघांना लगेच कळलं. पलीकडं चटईवर हुस्नाबानो पडली होती. डोळे मात्र उघडे.

"मावशी, आत नोका येऊ," ती कुजबुजली. "तुमची रंगू घरात हाय."

"आलो मी. आता तोंड उघड."

"त्यायले काय झालं? सकाळपासून बोलून नाई राह्यले."

गोजराबाईनं फय्याजकडं पाहिलं नाही. "एवढं संपव, मंग सांगतो," ती म्हणाली. तिनं हुस्नाचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक घोट पाजला. मग त्या ढिगातून चिमूटभर कापूस घेऊन वात वळली, दुधात भिजवली आणि बाळाच्या ओठांना लावली. बाळानं ओठ हलवले नाहीत. पुन्हा भिजवली, पुन्हा लावली. "चोख वं माय, चोख." कितीतरी वेळानं बाळानं वात ओढली. तेव्हा कुठं गोजराबाईला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच तिनं हुस्नाला फय्याज गेल्याचं सांगितलं. शेजारच्या रहीमनं आणि त्याच्या भावानं तोंडाला फडकी बांधून फय्याजला नेलं.

पुढं चार दिवसांत रंगूबाईला कळा सुरू झाल्या. भर दुपारची वेळ. गोमतीबाई कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आत गेली. गोजराबाई गोठ्याच्या मेढीला मिठी मारून उभी.

"माय! ये ना वं माय!" रंगूबाई आतून ओरडत होती.

अंगण ते केवढं! चार ढांगांत ओलांडलं असतं. पण तिनं मेढ सोडली नाही. जिच्यासाठी साऱ्या गावात भीत भीत जगत होती, तिच्याकडं जायचीच तिला सगळ्यात जास्त भीती होती.

मुलगा झाला. गोजराबाईचा हात सवयीनं माझ्याकडं आला आणि चटका बसल्यासारखा मागं गेला. साऱ्या गावाच्या बाळंतिणींना भरवणारी ती, पण आपल्या हातचं अन्न लेकीला द्यायला धजेना. जगदेवच चुलीपुढं बसला. जन्मात कधी न बसलेला.

"कण्या शिजल्या का?" ती गोठ्यातून ओरडली.

"शिजल्या वाट्टे."

"बोटानं दाबून पाहा."

"पोळलं ना वं!"

"मीठ टाकलं का?"

"टाकलं. दोनदा टाकलं वाट्टे."

आतून रंगूबाईच्या हसण्याचा आवाज आला. गोजराबाईही हसली आणि हसता हसता गोठ्याच्या जमिनीवर बसली.

तिची भीती खोटी नव्हती. त्याच आठवड्यात गोमतीबाई तापानं गेली. तिच्या घरी कण्या पोहोचवल्या, पण तिला घोट गिळवला नाही. ज्वारी घरात आली तेव्हा ताप ओसरला, आणि मगच गोजराबाईनं नातवाला मांडीवर घेतलं. हुस्नाबानो उठली, कापूस पिंजू लागली. तिची लेक लतीफा वाढली, आणि तिचं लग्न होऊन ती शेलूबाजारला निघाली तेव्हा गोजराबाईनं मला तिच्या हातात दिलं. पुढं दोन वर्षांनी गोजराबाई गेली.

आता मी लतीफाकडं आहे. कल्हई उडाली आहे, एका बाजूला पोचा आहे. जगभर पेटलेल्या लढाईमुळं ज्वारीसुद्धा मुश्किलीनं मिळते. शेजारी रऊफच्या बायकोला परवा मूल झालं आणि त्याच घरात थोरल्या पोराला देवी आल्या आहेत. त्या दाराकडं कुणी फिरकत नाही. लतीफाची स्वतःची दोन लहान आहेत. सकाळपासून ती मला समोर घेऊन बसली होती. "दूध पचंल का तिले? का नुसतं वरणाचं पानी नेऊ?" असं पुटपुटत होती.

माणसांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल तर तो माळ्यावर टाकू नका. भीती वाटली तर वाटू द्या. मला धरणारे हात आजवर कापतच आले आहेत. फक्त काय न्यायचं याचा नीट विचार करा, आणि निघा.

लतीफानं वरणाचं पाणीच भरलंय. तिच्या तळव्याला घाम आलाय, कडी निसटते आहे. तिनं ती पदरानं धरली. रऊफचं दार दिसू लागलं. येतो मी.