गच्चीवरची येळवस

दाक्षायणीनं कडब्याची पाचवी पेंढी पाण्याच्या टाकीला टेकवली, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि पेंढी पुन्हा उचलून चार बोटं डावीकडे ठेवली.

"आता सुतळी."

गुरुलिंगनं सुतळी दिली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा सुतळीवर विश्वास नसतो. लागलाच तर असावा म्हणून त्यानं खिशात एक क्लॅम्प आणि दहा नंबरचा पाना ठेवला होता, पण तसं सुचवायची त्याची अजून हिंमत झाली नव्हती.

"खोप पडली तर?"

"पडत नाही."

"वारं सुटलंय."

"शेतात वारं नसतं का?"

या गच्चीला शेत म्हणायचं हे घरात दीड वर्षापूर्वी ठरलं होतं. ठरलं तेव्हा तो दाढी करायला गेला होता.

शेजारच्या गच्चीवर अपेक्षा कपडे वाळत घालायला आली होती आणि ओला टॉवेल हातात धरून दहा मिनिटं नुसती उभी होती. नोकरीसाठी करमाळ्याहून आलेली ही मुलगी सहा महिन्यांपूर्वी शेजारी भाड्यानं राहायला आली होती. तिला कठड्यापलीकडचं काहीही विचित्र वाटायचं थांबलं होतं, पण कडबा नवीन होता.

"काकू, आमच्याकडं करमाळ्याला हे नसतं. काय असतं नेमकं?"

"येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे. पूजा झाली की आंबिल शिंपडत शेताला फेरी. आणि ज्यांना शेत नाही त्यांना बोलवून जेवू घालायचं. तू दीडला ये."

"आणि ज्यांना शेत आहे ते?"

"ते आपापल्या शेतात असतात."

"पण तुमचे दीर येणारेत म्हणालात. त्यांचं तर दुधनीला शेत आहे ना?"

दाक्षायणीनं सुतळीला गाठ मारली. मारलेल्या गाठीवर आणखी एक मारली.

लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या आधीच गुरुलिंगनं एसटी धरली होती आणि आपल्या वाट्याची जमीन धाकट्या भावाला, शिवपुत्राला, सोडून दिली होती. भांडण नाही, कागद नाही, काही नाही. पायातली चप्पल काढावी तशी सोडली. तेव्हापासून एकतीस येळवशी ती दुधनीला गेली, पाहुणी म्हणून. सतरंजीवर बसली, तिला पहिलं ताट मिळालं. निघताना शिवपुत्र हरभऱ्याचा डहाळा तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घ्या वैनी, कुंडीत खोचा." सगळे हसायचे. ती पण हसायची. परतीच्या पॅसेंजरमध्ये मात्र दाक्षायणी अक्कलकोट रोड स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायची, आणि गुरुलिंग तिला विचारायचा नाही, कारण विचारलं तर ती सांगेल अशी त्याला भीती होती.

म्हणून मग ही गच्ची.

सुरुवात चार कुंड्यांनी झाली. आज रंगाचे डबे, थर्माकोलची खोकी, फुटका कुलर, गुरुलिंगची जुनी ट्रंक आणि आडवे कापलेले चौदा निळे ड्रम असे एकूण शहाऐंशी नग होते. मधल्या काळात गुरुलिंगनं एका इंजिनिअरला आणून स्लॅब दाखवला होता. इंजिनिअर म्हणाला, "काकू, हा स्लॅब माणसांसाठी आहे." दाक्षायणी म्हणाली, "माणसं खाली राहतात." इंजिनिअरनं चहा घेतला, जड ड्रम तुळईच्या रेषेवर ठेवायला सांगितले आणि जाताना कढीपत्ता घेऊन गेला.

कठड्याच्या आतल्या बाजूला तिनं लाल ऑइलपेंटनं बारा चौकोन आखले होते, प्रत्येक महिन्याला एक. चैत्राच्या चौकोनात लिहिलं होतं: हिरवी जाळी बांधणे, खत बंद, पाणी सूर्य यायच्या आत. वैशाखात फक्त एक ओळ होती: काहीही लावू नये, आहे ते जगवणे. सोलापुरात वैशाख काढलेल्या कुणालाही ही ओळ पुरेशी होती. ज्येष्ठात रिकाम्या ड्रमची माती उपसून उन्हात तापवायची, आषाढात जास्वंदीच्या फांद्या खोचायच्या, भाद्रपद सरता सरता ज्वारी, आश्विनात गुलाबाची छाटणी, कार्तिकात मेथी नि हरभरा, पौषात मोगऱ्याचं पाणी तोडायचं. श्रावणाच्या चौकोनात गुरुलिंगनं खाली बारीक अक्षरात 'गुरुलिंगची सुट्टी' असं लिहून ठेवलं होतं. तिनं ते पुसलं नव्हतं. सुट्टीही दिली नव्हती.

नळाला चार दिवसांआड पाणी. तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण वेगवेगळ्या बादल्यांत जमा व्हायचं, आणि कोणती बादली कोणाची हे घरात येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगितलं जायचं. ताक आंबलं तर ते कढीपत्त्याचं. गुरुलिंगनं एकदा ते चुकून प्यायलं, तर कढीपत्त्याची पानं पिवळी पडेपर्यंत त्याला ते ऐकवलं गेलं.

पण या सगळ्यानं बाग होते. शेत होत नाही. हे दाक्षायणीला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून तिनं चौदा ड्रमांत मालदांडी ज्वारी पेरली, प्रत्येकात तीन ताटं. बेचाळीस ताटांपैकी एकावर गुरुलिंगनं बनियन वाळत टाकला होता, त्यामुळे आता एकेचाळीस होती. डोक्याएवढी वाढलेली, कणसं बाहेर पडून दाणा भरत आलेला. मग दोन आठवड्यांपूर्वी तिनं शिवपुत्राला फोन लावला आणि म्हणाली, "भाऊजी, ह्या वर्षी येळवस आमच्याकडं. जेवायला या."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. येळवशीला शेतकऱ्याला त्याच्या शेतातून उठवून बोलवायचं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाला दुसऱ्याच्या मांडवात जेवायला बोलावण्यासारखं होतं. ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली.

"येतो की," शिवपुत्र म्हणाला.

"येतो म्हणाला?" गुरुलिंगनं विचारलं होतं. "बरं नाही का त्याला?"

दाक्षायणीला वाटत होतं, तो बघायला येतोय. बघेल, परत जाईल, आणि पुढच्या प्रत्येक लग्नात नि बारशात गच्चीवरच्या ड्रमांची गोष्ट सांगेल. सांगू दे. पण सांगताना त्याच्या तोंडून कुंडी हा शब्द निघता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

अकराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. शिवपुत्र एकटाच आला होता. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. जिन्याच्या दारात त्यानं थांबून गच्चीकडे पाहिलं आणि चपला काढल्या.

"जाऊबाई?" दाक्षायणीनं विचारलं.

"गुडघं. जिना म्हणल्यावर नगं म्हणाली."

"पाणी घ्या."

"घेतो की. जरा बघू द्या."

तो ड्रमांच्या ओळीतून हळूहळू चालू लागला. दाक्षायणी खोपीजवळ उभी राहिली. पदर खोचलेलाच होता, तो तिनं पुन्हा खोचला. गुरुलिंगचा हात खिशात पान्यावर गेला.

शिवपुत्रानं पहिल्या ड्रममध्ये बोट खुपसून माती पाहिली. तिसऱ्यापाशी एक कणीस वाकवून दाणा नखानं दाबला. सहाव्या ड्रमपाशी खाली बसला, एक पान उलटं केलं आणि पाठीवरची चिकट कीड बोटानं पुसून पाहिली.

"चिकटा पडलाय, वैनी."

"कुठं?"

"हितं. दोन ताटांवर."

"काल नव्हता."

"काल नसतोयच कदी. आज असतोय."

"निंबोळी मारली होती मी परवा. संध्याकाळी मारली, उन्हात नाही."

"वरनं मारली आसंल. पानाच्या पाठीला मारायची की. आन् ही ताटं लई जवळ झाली. एकात दोन ठेवायची."

"दोन ठेवली तर शेत दिसतं का?"

"न्हाई दिसत," शिवपुत्रानं विचार करून कबूल केलं. "पर दाणा भरतोय."

"भरलाय की! तुम्ही आत्ता नखानं बघितला ना?"

"भरलाय. न्हाई कुटं म्हणलं मी?"

दाक्षायणीचा आवाज चढला होता आणि गाल लाल झाले होते. गुरुलिंग दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. एकतीस वर्षांत भावानं तिला 'जेवलात का', 'पोहोचल्यावर फोन करा' आणि ते 'कुंडीत खोचा' यापलीकडे काही म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. आता दोघं एका पानावर डोकी लावून बसली होती.

पूजेची वेळ झाली. खोपीत दाक्षायणीनं पांडव मांडले होते. ते आणायचं काम गुरुलिंगकडे होतं. त्यानं रस्त्याच्या कामाच्या ढिगातून पाच खडे निवडून आणले होते, त्यांतल्या भीमाला डांबर लागलं होतं म्हणून तो रॉकेलनं पुसून घेतला होता, आणि मग पाचही जणांना चुना फासला होता. काळजीपूर्वक पाहिलं नाही तर चालण्यासारखे होते.

शिवपुत्र खोपीसमोर मांडी घालून बसला. त्यानं काळजीपूर्वक पाहिलं.

"अण्णा, ही खडी हाय का?"

"पाऊण इंची," गुरुलिंग म्हणाला.

शिवपुत्र हसला नाही. त्यानं पिशवी पुढे ओढली आणि आतून एक गाठोडं काढलं. जुन्या टॉवेलात बांधलेले पाच गोल दगड होते. वर्षानुवर्षांच्या चुन्याचे थर चढून ते अंड्यांसारखे गुळगुळीत झाले होते. दाक्षायणीनं ते एकतीस वेळा पाहिले होते. दुधनीच्या शेतात बोरीच्या झाडाखाली त्यांची जागा होती, आणि ती जागा त्यांनी कधी सोडली नव्हती.

खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"ज्वारी न्हाई ह्या साली," शिवपुत्र दगड पुसत म्हणाला. "सोलारवाल्यांना दिलंय समदं. पोरांनी ठरीवलं. मी सही केली. एकोणतीस वर्सांसाठी. काचाच काचा हायत, कुसळ उगवू देत न्हाईत खाली. भवतीनं तारंचं कंपाउंड."

"आणि हे?" गुरुलिंगनं दगडांकडे बोट केलं.

"काल आणायला गेलो. गेटावर वॉचमन हाय. आधार कार्ड मागितलं माजं. वहीत लिवून घेतलं, कुणाला भेटायचंय."

"काय सांगितलंस?"

"पांडवांना."

"मग?"

"पाच नावं लिव म्हणला. लिवली."

गुरुलिंग उठला आणि खोपीची सुतळी तपासू लागला. ती घट्ट होती. तरी त्यानं ती बराच वेळ तपासली.

शिवपुत्रानं दगड टॉवेलावर ओळीनं ठेवले, पण खोपीत सरकवले नाहीत. दोन्ही हात मांडीवर घेऊन तो बसून राहिला. शेवटी खाली बघतच म्हणाला, "वैनी, जागा व्हईल का आत?"

दाक्षायणी पुढे वाकली. तिनं आपले पाच खडे एकेक करून कडेला सरकवले, मधली जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि हात मागे घेतला.

"दहा झाले," गुरुलिंग खालच्या आवाजात म्हणाला.

"होऊ देत. जेवण भरपूर आहे."

पूजा झाली. बाजरीचे उंडे आणि मिश्र भाज्यांच्या भज्जीचा नैवेद्य दाखवून झाला. अपेक्षा दीडच्या ऐवजी साडेबारालाच कठडा ओलांडून आली होती आणि नमस्कार नेमका कुणाला करायचा हे न कळून तिनं सगळ्या दहांना केला. मग आंबिलीचं मडकं आलं. दाक्षायणीनं ते दोन्ही हातांत घेतलं, क्षणभर तशीच थांबली, आणि शिवपुत्रापुढे धरलं.

"शिंपा, भाऊजी. दरवर्षी तुम्हीच शिंपता."

शिवपुत्रानं मडक्याकडे पाहिलं. त्याचे हात उचलले गेले होते. ते त्यानं पुन्हा खाली घेतले.

"मालकानं शिंपायचं असतंय," तो म्हणाला. "मी मागनं येतो."

दाक्षायणीनं मडकं कमरेवर घेतलं. पहिल्या ड्रमापाशी गेली, ज्वारीच्या बुडाशी आंबिल शिंपडली आणि तोंड उघडलं. फेरीतली आरोळी तिनं आयुष्यभर ऐकली होती, दिली कधीच नव्हती. पाहुणी ओरडत नाही.

"ओलगे ओलगे!"

आवाज जेमतेम टाकीपर्यंत गेला. तिनं घसा साफ केला, मान ताठ केली आणि पुन्हा ओरडली, तेव्हा समोरच्या तीन गच्च्यांवर माणसं कठड्याशी आली.

"सालम पोलगे!" मागून शिवपुत्राचं उत्तर आलं. सात एकरांच्या अंतराला पुरेल असा तो आवाज होता, आणि तो कमी कसा करायचा हे त्याला माहीत नव्हतं. टाकीवरची कबुतरं एकदम उडाली.

ती पुढे निघाली. दुसरा ड्रम, तिसरा, मग वळणावर मेथीची खोकी. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"डावीकडनं या, भाऊजी. मेथी तुडवाल."

"व्हय, व्हय," शिवपुत्र म्हणाला, आणि धोतर हातात धरून, बांधावरून चालावं तसा, एकापुढे एक पाऊल टाकत तिच्या मागून चालू लागला.