याकूब सरांचा क्लॅपर

मी बोलतोय खरा, पण गेली कितीतरी वर्षं माझं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. म्हणून माझ्या बोलण्यात जरा खरखर जाणवली तर सांभाळून घ्या.

मी एक क्लॅपर. धावण्याची शर्यत सुरू करण्यासाठी वाजवतात तो. हातभर लांबीच्या दोन फळ्या, एका टोकाला बिजागरी, पाठीवर दोन मुठी. फळ्या उघडायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. ठाप! की पोरी सुटल्या. इथं शाळेत बंदूक कोण वाजवू देणार? म्हणून माझा जन्म.

तो झाला दुबईजवळच्या अजमानमध्ये, भिवा सुताराच्या हातून. भिवा गुहागरकडचा, साइटवर दारं बसवायचा. एका व्हिलाच्या दारातून उरलेलं सागवान त्यानं तासलं आणि ड्रॉवरच्या दोन मुठी ठोकल्या. "पैसे नकोत सर," तो म्हणाला. "आवाज चांगला आला तर एकदा फोनवर ऐकवा." याकूब सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला खरोखरच फोन लावला आणि मला वाजवून दाखवलं.

याकूब सिद्दी. रायगडातल्या मुरूडचे. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकणच्या किनाऱ्यावर आले आणि तिथलेच झाले. सरांचा रंग काळाभोर, केस दाट कुरळे, आणि बोली अशी की डोळे मिटून ऐकलं तर मासळीबाजारात उभं असल्यासारखं वाटावं. पण डोळे मिटून ऐकतं कोण! नवीन पालक आले की हमखास विचारायचे, "एक्स्क्यूज मी सर, विच कंट्री?"

"मुरूड, रायगड जिल्हा," सर म्हणायचे. "तुम्ही?"

"चि... चिपळूण."

"म्हणजे शेजारीच की!" आणि सर खदखदून हसायचे. मला मात्र त्या हसण्याचा शेवट ठाऊक होता. हसून झालं की त्यांची बोटं माझ्या मुठीवर घट्ट व्हायची.

ते इथल्या भारतीय शाळेत खेळ शिकवायला आले तेव्हा तिथल्या मुलींच्या नशिबी लिंबू-चमचा होता. शंभर मीटर म्हणजे मुलांचं काम. सरांनी घरोघरी फोन केले. पूर्ण पँट घालू, डोक्याला स्कार्फ बांधू, सरावाला आयांनी येऊन बसावं, पण पोरींना पळू द्या. मग सकाळी सहाला पायऱ्यांवर चहाचे थर्मास घेतलेल्या आया आणि मैदानात त्यांच्या पोरी, असं दृश्य रोज दिसू लागलं. त्या भागातल्या भारतीय शाळांत मुलींचा पहिला रिले संघ सरांनी उभा केला. त्यांच्या रंगाचा दुसरा कोच त्या स्पर्धांमध्ये मी तरी पाहिला नाही. दुबईतल्या अल बर्शाच्या मैदानावर तर एकदा एका माणसानं त्यांना पाण्याचे खोके उचलायला लावले होते. सरांनी ते उचलले, जागेवर ठेवले आणि मग मला घेऊन ट्रॅकवर आले.

त्यांची एक पद्धत होती. बाकीचे स्टार्टर बाजूला उभे राहतात, पोरी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा हात बघतात आणि चुकतात. सर सरळ मागे, दहा पावलांवर उभे राहायचे. कुणालाच दिसायचे नाहीत. "बाय, कानांनी पळ," ते म्हणायचे. "डोळे फसवतात, कान नाय फसवत."

आता ज्या गोष्टीनं आम्हा दोघांना छळलं, तिच्याकडे येतो. दोघांना म्हणजे मला आणि तहसीनला.

सरांच्या व्हिसावर पेशा लिहिला होता 'स्टोअरकीपर'. शाळेला त्या वेळी तोच व्हिसा मिळाला होता. इथं कित्येकांचं असं असतं, कागदावर एक आणि काम दुसरंच; उघड झालं तर व्हिसा रद्द. त्यामुळे स्पर्धेच्या फॉर्मवर 'कोच' या रकान्यात सही असायची क्रीडा विभागाच्या परेश सरांची. परेश सर माणूस वाईट नव्हते. सही करताना त्यांचं पेन प्रत्येक वेळी थोडं थांबायचं, एवढं मी पाहिलंय.

तहसीन सोळा वर्षांची होती. रत्नागिरीच्या कुटुंबातली, पायांत विजेची लवलव. त्या वर्षी तिनं शंभर मीटर तेरा पूर्णांक एक सेकंदांत मारली आणि पहिली आली. वर्तमानपत्राची बाई वही घेऊन पुढे आली. "हू इज युअर कोच?"

सर तिच्या मागेच होते, दहा पावलांवर. मी त्यांच्या हातात.

तहसीननं एकदा मागे पाहिलं. शेजारी दुसऱ्या शाळेच्या मुली उभ्या होत्या. त्याच मघाशी 'हबशी सर, हबशी सर' म्हणून खिदळत होत्या. तहसीन म्हणाली, "परेश सर."

 त्या दिवशी याकूब सरांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं. मग कानावरची सुतारी पेन्सिल काढून माझ्या पोटात, बिजागरीजवळ, जिथं फळ्या पुरत्या मिटत नाहीत तिथं, काहीतरी लिहिलं. पुढे सर मुरूडला परतले. जाताना लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून त्यांनी मला मिटून सुतळी गुंडाळली आणि शाळेच्या स्टोअरमध्ये खिळ्याला टांगलं.

सात-आठ वर्षांनी तहसीन त्याच शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून आली. आली त्या दिवशी मला पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. दर सुट्टीत ती ठरवायची की यंदा मुरूडला जायचं आणि सरांची माफी मागायची. दर सुट्टीत काहीतरी निघायचं. सर ईदला व्हॉइस मेसेज पाठवायचे, "बाय, क्लॅपर बरा हाय ना?" ती उत्तर लिहायची, "हो सर, इन्शाल्ला येतेच." गेल्या वर्षी तिकडून त्यांच्या पुतण्याचा मेसेज आला. सर गेले. खलास. सगळंच राहून गेलं.

उन्हाळ्यात शाळा बंद झाली की स्टोअरचा एसी बंद असतो. भर दुपारी लाकूड तापतं, आकसतं आणि माझ्यातून आपोआप आवाज निघतो. ठाप. कुणी वाजवत नाही. मैदान रिकामं असतं. पण त्या आवाजापाठोपाठ मला पावलं ऐकू येतात, हलकी, पोरींची. आणि मुठीवर ऊब जाणवते. नेमकी सरांच्या अंगठ्याच्या जागी. मी लाकूड आहे, मला भास होत असतील का? तहसीनलाही ऐकू यायचं, एवढं नक्की. सुट्टीत एकदा ती रजिस्टर घ्यायला आली, तो आवाज झाला, आणि तिचा डावा पाय आपसूक पुढे पडला. मग ती रजिस्टर न घेताच निघून गेली.

यंदा यम्ना नावाची एक पोर आली. पळते भन्नाट, पण शाळेच्या नव्या इलेक्ट्रॉनिक स्टार्टरचा लाल दिवा बघत बसते आणि आधीच सुटते. दोन स्पर्धांतून बाद झाली. तिसऱ्यांदा झाली तर संघातून नाव जाणार होतं.

"मॅम, आय कान्ट हेल्प इट," ती रडत म्हणाली. "माय आइज जस्ट गो देअर."

तहसीननं तिला पाण्याची बाटली दिली. मग स्टोअरमध्ये आली, खिळ्यावरून मला काढलं आणि सुतळी सोडली. मी उघडलो.

पेन्सिलीची अक्षरं तिनं बोट ठेवून, एकेक करत वाचली. 'तहसीन १३.१. माझं नाव घेतलं नाही. शहाणी पोर. माझा व्हिसा वाचवला.'

ती तिथंच, फुटबॉलच्या जाळीवर, बसली. सरांनी तिला केव्हाच माफ केलं होतं, आणि तेही अशा गोष्टीसाठी जी तिनं केलीच नव्हती! व्हिसाचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. "मला लाज वाटली होती हो सर," ती माझ्या उघड्या तोंडात म्हणाली.

त्या दिवसापासून ती यम्नाच्या मागे दहा पावलांवर उभी राहू लागली. "बाय, कानांनी पळ." महिनाभर आम्ही तिघं तेच करत होतो. अंतिम स्पर्धेत स्टार्टर तोच होता, लाल दिव्याचा. यम्नानं मान खाली घातली, आवाज ऐकला आणि सुटली. पहिली आली.

शाळेच्या इन्स्टाग्रामसाठी कुणीतरी फोन धरला. "यम्ना, हू इज युअर कोच?"

"तहसीन मॅम!"

तहसीन पुढे झाली. मी तिच्या काखेत होतो. "माझे कोच याकूब सिद्दी," ती म्हणाली. "हिला शिकवलं तेही त्यांचंच. ते काळे होते, मुरूडचे होते, कागदावर स्टोअरकीपर होते. सोळाव्या वर्षी मला त्यांचं नाव घ्यायची लाज वाटली."

परेश सर आता उपमुख्याध्यापक आहेत. ते हलकेच म्हणाले, "तहसीन, रेकॉर्डिंग चालू आहे. व्हिसाचं वगैरे कशाला?"

"आता कुणाचा व्हिसा कॅन्सल करणार, सर?"

परेश सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "सही मी करायचो. तेही घ्या रेकॉर्डमध्ये."

आता शाळेला मला काचेच्या कपाटात ठेवायचंय, सरांच्या फोटोखाली. फोटो जरूर लावा. खाली 'कोच' असं स्पष्ट लिहा. पण मला कपाटात कोंडू नका, पुन्हा सुतळी नको. माझ्या पोटात त्यांच्या ओळीखाली तहसीननं आपली एक ओळ लिहिली आहे, 'व्हिसा नव्हता सर, लाज होती.' दोन्ही ओळी एकमेकींजवळ आहेत, असू द्या.

रोज सकाळी सहाला ती पोरींच्या मागे दहा पावलांवर उभी राहते, मला उघडते आणि वाजवण्याआधी एकदा स्वतःच्या मागे वळून पाहते. बरोबर दहा पावलांवर. तिथं कुणीही नसतं. तरी ती क्षणभर थांबते, आणि माझ्या मुठीवर, तिच्या अंगठ्याशेजारी, मला अजून एक अंगठा जाणवतो.