हात पाठीमागे

बटण काजाच्या तोंडाशी आलं, जरासं थबकलं आणि पुन्हा मागे सरकलं. साधं पांढरं बटण, एका भोकातून दोऱ्याचं टोक बाहेर डोकावणारं… ते टोक तिला आता पाठ झालं होतं. खाटेवर बसलेल्या आजोबांचा – म्हाताऱ्या पेशंटांना ती आजोबाच म्हणायची – उजवा हात पुन्हा शर्टाच्या कडेकडे निघाला. निघाला म्हणजे काय, खांद्याने त्याला ढकलत ढकलत आणलं. बोटं पोचली, अंगठा यायला उशीर झाला, बटण निसटलं. खाटेच्या पायथ्याशी ती उभी होती, शिकाऊ नर्सच्या गणवेशात, दोन्ही हात पाठीमागे, डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट धरून. चोराला धरावं तसं आपणच आपल्याला धरून ठेवलंय, तिला वाटलं.

चोरच तर होती ती, इन्चार्ज सिस्टरच्या लेखी. अर्धांगवायूच्या पेशंटांच्या या वॉर्डात आल्या आल्या सगळ्या शिकाऊ मुलींना बजावलं गेलं होतं – पेशंटला जे कसंबसं का होईना जमतंय ते त्याचं त्याला करू द्यायचं. पडत असेल तर धरा, एरवी हात मागे. बाकीच्यांना ते जमलं. हिला नाही. आजोबांचा मोजा टाचेशी अडकला, तो आपण कधी वर ओढला हे तिचं तिलाच कळलं नाही. मग जेवताना चमचा लवंडायला आला, तर हिचा हात हजर. सिस्टर ओरडली नाही, नुसतं बाजूला घेऊन म्हणाली, "तुला वाटतं तू मदत करतेस. तू त्यांचा हात पळवतेस. पुन्हा असं झालं तर मी तुला पास करणार नाही." पास नाही म्हणजे सत्र वाया, सत्र वाया म्हणजे या देशात राहण्याचा परवाना गेला, आणि परवाना गेला म्हणजे बॅग भरा. सिस्टर एवढं सगळं बोलली नव्हती. पुढचं हिने आपलं आपण जोडून घेतलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

बटण निसटलं. जन्मभर बस चालवलेला माणूस, गर्दीतून एवढं मोठं धूड लीलया वळवणारा… आणि आता कपाळावर घाम, कशासाठी, तर एका बटणासाठी. कालपर्यंत ते मध्येच तिच्याकडे बघायचे. आज बघत नव्हते.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं – पोरीच्या हाताला गुण आहे. कुणाला ताप आला की पट्टी हिनेच ठेवायची, काकूचे पाय हिनेच चेपायचे, दादाच्या लग्नात व्याह्यांचं डोकं दुखलं तरी बाम घेऊन हीच. मागायच्या आत हातात द्यायचं, ओठाला लावायचं; याहून वेगळी माया तिने पाहिलीच नव्हती. त्या गुणाचं काहीतरी होऊ दे म्हणून तर नर्सिंग, आणि तेही परदेशात! आणि सातासमुद्रापार येऊन शिकायचं काय, तर तेच हात पाठीमागे ठेवायला. एरवी ती यावर पोट धरून हसली असती.

ती इकडे आली आणि काही महिन्यांतच बाबांना झटका आला. उजवी बाजूच, आजोबांसारखी. फोनवर आई कौतुकाने दाखवायची – घास भरवते, तोंड पुसते, इकडची काडी तिकडे करू देत नाही मी ह्यांना. आणि हिला दिसायचा तो बाबांचा हात, उशीवर नीट ठेवलेला, बोटं हळूहळू आत वळत चाललेली. कळत होतं, तरी गप्प बसायची. सोडून आलेल्या पोरीने कुठल्या तोंडाने शिकवायचं? पण आज सकाळी बोलून गेली. आई, चमचा त्यांच्या हातात दे, सांडलं तर सांडू दे. मागून दादा म्हणाला, तिकडे बसून सांगायला काय जातंय. आई मात्र चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "सांडताना मी नुसती बघत बसू? तू इथे असतीस तर तुला बघवलं असतं का गं?"

बसची वेळ झाली असं सांगून तिने फोन ठेवला. बसला चांगला अवकाश होता… नसतं बघवलं, आई. तुझ्याआधी मीच घास भरवला असता. बाबांचा हात मीच घालवला असता, तुझ्याहून लवकर, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, लेक असावी तर अशी.

बटण आत गेलं.

आजोबांनी श्वास सोडला. दारात सिस्टर उभी होती, कधीपासून कोण जाणे. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा हिच्या पाठीमागच्या हातांकडे, मान हलवली आणि पुढच्या खोलीत गेली. सुटले, तिला वाटलं. आणि मगच तिला तो शर्ट दिसला. कॉलरची एक बाजू वर, खालचं टोक लोंबलेलं. पहिल्याच बटणाचं काज चुकलं होतं. इतका वेळ ती नुसती बोटं बघत होती.

"झालं का गं, पोरी?" आजोबांनी विचारलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. तिच्या हातांना किती वेळ लागणार होता? तिने मनगट सोडलं. हात पुढे झेपावतील म्हणून वाट पाहिली, नेहमी पोटात जे तुटायचं त्याची वाट पाहिली… काही तुटलं नाही. हात अंगाशी नुसते लोंबत राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"वरचं काज चुकलंय, आजोबा," ती म्हणाली. "सगळी काढा आणि पुन्हा लावा."

तिच्या तोंडून आवाज थेट सिस्टरचा आला. आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग हात निघाला, खांद्याने ढकलत ढकलत. अंगठा मघापेक्षा जरा लवकर येतोय, तिने टिपलं, आणि तसं टिपताना तिला वाईटही वाटत नव्हतं. बघवतंय, आई. मला बघवतंय. त्याची तिला इतकी भीती वाटली की तडक धावत सुटावं, हे दार, हा गणवेश, सगळं टाकून आईच्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं… पण तिथेही आता ती अशीच उभी राहिली असती. आजोबांचं एक बटण सुटलं होतं. हात पाठीमागे नेऊन ती दुसऱ्याची वाट पाहत राहिली.