चुलीकडचं दार

"फुंक. अजून, अजून… बस्स."

अक्षराने तोंडातली नळी काढली आणि शाबासकीसाठी दोघींकडे पाहिलं. गाल लाल झाले होते. वर्षाराणीने यंत्रावरचा आकडा पाहिला, पुन्हा एकदा फुंकायला लावलं, पुन्हा पाहिला.

"वहिनी, हिची छाती तर चांगली साफ हाय."

"दिवसा असती साफ," नीलम्मा म्हणाली. "रातीला वाजती."

वर्षाराणी लातूरहून येई, स्कुटीवर. हवा, धूर, पाणी यांचा लेकरांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हे पोटात असल्यापासून मोठं होईपर्यंत बघत राहायचं, असं तिथल्या एका दवाखान्याचं लांबलचक काम होतं. जळकोटकडच्या गावांतल्या गरोदर बायका त्यात घेतल्या, त्यात नीलम्मा होती. आता अक्षरा अंगणवाडीत जात होती. एरवी वर्षातून एक खेप. पण ज्या लेकराची छाती वाजते, त्याच्या घरी दर पंधरा दिवसांनी.

हे कळलं, आणि दिवाळी झाल्यावर नीलम्माने फोन करून सांगितलं, की पोरीच्या छातीत शिट्टी वाजल्यागत होतं.

नवरा, राजशेखर, पुण्यात कंपनीच्या गाडीवर होता. त्याचा फोन म्हणजे लेकरू कसं हाय, आई कशी हाय, बरं ठेवतो. माहेर बिदरकडचं, तिथली कानडी इथं कुणाशी बोलणार? घरात सासू, शांतम्मा. त्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वा पहाटे स्वयंपाकघरात शिरायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. नीलम्मा उंबऱ्याशी गेली, की आतून आवाज यायचा, "तू भायेर बस." ताट तेवढं बाहेर यायचं. घरात गॅसची टाकी होती, पण भाकरी चुलीवरचीच, हा अव्वांचा हट्ट.

वर्षाराणी मात्र विचारायची. झोप लागते का? जेवण जातं का? मन कशात लागतं? घरात कुणाशी बोलणं होतं? कागदावरचे प्रश्न होते ते, नीलम्मालाही ठाऊक होतं. तरी पाहुणा येणार म्हटल्यावर काय करावं, काय करावं असं होतं ना, तसं तिला दोन दिवस आधीपासून व्हायचं. उत्तरं मनात घोळवायची. एखादं जरा लांबवायची.

आजही वर्षाराणीने सुरुवात केली. "चुलीपाशी लेकरू किती वेळ असतं?"

"जराबी न्हाई. मीच जात न्हाई, तर ती कुठली?"

"मग रांधतं कोण?"

"अव्वा. मला चुलीला शिवू देत न्हाईत. ही पोटात होती तवापासून." नीलम्मा हसली. "तुमी पहिल्यांदा आलात, त्या दिवशी किती गोड बोलल्या तुमच्यासंगं. तुमची पाठ वळली आन् मला म्हणल्या, ऊठ चुलीपासनं."

वर्षाराणीने मान वर करून स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं. मग पिशवीतून एक लहानसा पंप काढला.

"डॉक्टर म्हणले, इतके दिवस वाजतीय तर आता हा सुरू करा. रोज दोनदा, हिवाळा सरेपर्यंत. आत औषध असतं, छातीत ओढायचं. पहिला मी देऊन दाखवते."

अक्षराला ताईची सगळी यंत्रं खेळणीच वाटत. ती पुढे सरकली आणि तिने मोठ्ठा आ केला. खालचे दोन दात हलत होते. पंप तोंडापाशी आला तसा नीलम्माने मधे हात घातला. लेकीच्या उघड्या तोंडावर तळवा तसाच राहिला.

"नगा देऊ."

"का?"

"तिची न्हाई वाजत."

वर्षाराणीने पंप मांडीवर ठेवला. "वहिनी, पहाटं वाढतं म्हणाला होता. उशी उंच केली की कमी होतं म्हणाला होता. येवढं बारीक कसं सांगत होता मग?"

"ती अव्वांची. भिंतीपल्याडनं ऐकू येती मला. मला झोप कुठं असती?"

रागावेल असं नीलम्माला वाटलं होतं. वर्षाराणी रागावली नाही. नळ्या, यंत्र, पंप एकेक करून पिशवीत भरत राहिली.

"आमच्या कामात लेकरंच असतेत. पण अव्वांना घेऊन या लातूरला, मी उभी राहीन संगं. अन् आता इथं…"

"वर्षानं," नीलम्मानेच सांगून टाकलं.

"हाव." पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली. "माझं बी लेकरू दिवसभर शेजारणीकडं असतंय, वहिनी. तेबी इचारत असतंय, कवा येणार." इतक्या वर्षांत स्वतःविषयी ती पहिल्यांदाच काही बोलली होती.

स्कुटीचा आवाज पांदीपर्यंत ऐकू आला. मग नाही.

"गेली का तुझी भैन?" आतून अव्वांनी विचारलं.

"गेली."

"आता कवा?"

"वर्षानं."

आत खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबली नाही. नीलम्माने दार ढकललं. तुराट्या ओल्या होत्या. धुरात आधी काही दिसेचना. मग अव्वा दिसल्या, हातात फुंकणी, दुसरा हात जमिनीला टेकवलेला.

"भायेर बस म्हणलं ना."

"अक्षू मोठी झाली, अव्वा. पोटात हाय का आता ती?"

"तुझ्या मागंमागं येती की. आन् धूर त्योच हाय न्हवं," अव्वा म्हणाल्या. "धूर लेकराला वाईट म्हणून त्या बाईनं सांगितलं हुतं, इसरलीस का?"

नीलम्मा विसरली नव्हती. वर्षाराणी पहिल्यांदा आली त्या दिवशीचं सगळं तिला आठवत होतं. एवढंच कधी आठवलं नव्हतं, की तेव्हा अव्वाही तिथेच बसून ऐकत होत्या.

तिने अक्षराला उचलून बाहेरच्या ओट्यावर नेलं, समोर थोडे मुरमुरे ठेवले, केसांवरून हात फिरवला. "हितंच बस हं, राणी." परत येऊन ती चुलीपाशी टेकली आणि अव्वांच्या हातातून फुंकणी घेतली. अव्वांनी ती लगेच सोडली नाही. मग सोडली.

"दार लाव तर," त्या म्हणाल्या. "लेकराकडं चाललाय धूर."

नीलम्मा उठली आणि तिने आतून दार लोटून घेतलं.